पेन्सिलने बुजवलेला मार

बाबा, मी कॅमेरा घ्यायचा म्हणतेय. तीन आठवडे नुसतंच म्हणतेय. किंमत सांगत नाही, मेलेला असलास तरी उठून बसशील. मुठीत मावेल एवढा, काळा, दिसायला साधा, पण आत जिथे पूर्वी फिल्म असायची तिथला सेन्सर पूर्ण पस्तीस एमएमच्या फिल्मएवढा. फुल फ्रेम म्हणतात त्याला. लेन्स अंगालाच जोडलेली, काढता येत नाही. झूम नाही. माणूस मोठा दिसायला हवा असेल तर आपल्या पायांनी पुढे जायचं. दुकानदाराने हे एखादं व्यंग सांगावं तसं सांगितलं, "आंटी, झूम नहीं है इसमें, सोच लो," आणि मला तुझा दोन भिंगांचा कॅमेरा आठवला, छातीवर लटकवलेला, आणि तू मान खाली घालून मेलेल्या माणसाच्या दिशेने एकेक पाऊल पुढे जाताना.

घरात सगळे तुला 'तू' म्हणायचे. कॉन्व्हेंटात घातल्यावर मी 'तुम्ही' म्हणायला लागले, तेव्हा तू विचारलं होतंस, मी काय पाव्हना हाय काय. आज तूच म्हणते. भांडायचं असलं की तूच बरं पडतं.

कॅमेऱ्याबद्दल मी सगळं वाचलंय. बॅटरी लवकर संपते. फ्लॅश नाही, पण कमी उजेडात इतकं दिसतं की फ्लॅशची गरज नाही म्हणतात. शटरचा आवाज जवळजवळ येत नाही. सहा कोटी ठिपक्यांचा फोटो, म्हणजे गालावरचा एकेक केस मोजता येईल. आणि मला हवी ती गोष्ट म्हणजे कच्ची फाइल. लेन्समधून जे आलं ते तसंच्या तसं ठेवायचं, मध्ये कुणी हात लावायचा नाही. माझी भाची म्हणते, मावशी, या वयात काय करायचाय एवढा कॅमेरा, तू काय वाघ बघायला जाणार आहेस? मी म्हटलं, वाघ समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतो, लिफ्टमध्ये मला नमस्ते करतो.

खरंच करतो. मी आता सिल्व्हर पार्कला राहते, तिसऱ्या मजल्यावर. हॉस्पिटलातून रिटायर झाले, छत्तीस वर्षं एक्स-रे काढले. समोर दीड वर्षापूर्वी एक जोडपं आलं, मराठवाड्यातलं. तो काशीमीऱ्याला कुठल्याशा गोदामावर सुपरवायझर आहे. इस्त्रीचा शर्ट, दाढी रोज. माझा गॅसचा सिलिंडर त्याने दोनदा खालून वर आणून दिलाय, लिफ्ट बंद असताना, आणि पाणीही न पिता गेला. "काकू, काही लागलं तर आवाज द्या." पहिले चार महिने मीच सोसायटीत त्याचं कौतुक करत फिरले. मग समोरच्या दाराआडून आवाज यायला लागले. छत्तीस वर्षं मोडकी हाडं बघितल्यावर माणसाला कळतं की जिन्यावरून पडलेला हात कसा मोडतो आणि पिरगळलेला कसा मोडतो. मला त्या आवाजांच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी तो कामावर गेल्यावर तिने माझी बेल वाजवली. तिशीची असेल. डावा डोळा बंद, गालाच्या हाडावर मनगटाएवढी सूज, काळीनिळी, आणि कपाळावर अर्ध्या वर्तुळाची खूण. कुकरचं झाकण. खालचा ओठ आतून फाटलेला, बोलताना लाळेबरोबर रक्त येत होतं आणि ते ती ओढणीने टिपत होती, माझी फरशी खराब होऊ नये म्हणून. मी तिला म्हटलं, चल, आत्ता चौकीत. ती नको म्हणाली. हॉस्पिटलात? नको. मी चिडले. मी कशी चिडते तुला माहीत आहे, तुझ्यासारखीच. मग निदान फोटो काढू दे म्हटलं, सूज उतरेल, पुरावा राहणार नाही. तिने मान हलवली. खिडकीपाशी उभी करून मी फोनवर सात-आठ फोटो काढले. चष्मा सापडत नव्हता, म्हणून धड बघितलेही नाहीत. तिने बघितले. म्हणाली, "तुमचा फोन लई चांगलाय काकू. मी किती गोरी आले." मला वाटलं, मार बसलाय, काहीतरी बोलतेय.

आठ-दहा दिवसांनी तिचा धीर झाला. तोवर चेहऱ्यावर फक्त पिवळट छटा उरली होती. आम्ही दोघी चौकीत गेलो. बाई इन्स्पेक्टर होत्या, सभ्य होत्या, आम्हाला बसायला सांगितलं. मी ताठ मानेने फोन पुढे केला. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला, दुसरा बघितला, आणि मला म्हणाल्या, "मॅडम, हा फोटो तर स्थळाला पाठवण्यासारखा आलाय." तेव्हा मी चष्मा लावून बघितलं. बाबा, त्या फोनने तिचा चेहरा साफ केला होता. स्वतःहून. कुणी न सांगता. निळं होतं तिथे गव्हाळ रंग, सूज सपाट, कपाळावरची खूण म्हणजे जणू केसांची सावली. बंद डोळा होता बंदच, पण बाकी इतकं गुळगुळीत की तिने लाजून एक डोळा मिटल्यासारखं वाटावं. बाईंनी अदखलपात्र गुन्हा लिहून घेतला, नवऱ्याला बोलावून समज देऊ म्हणाल्या. दिली असावी. त्या संध्याकाळी त्याने तिची बोटं बिजागरीच्या बाजूला ठेवून दार लोटलं. तीन बोटं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मला म्हणाला, "काकू, तुम्हाला त्रास झाला, चौकीपर्यंत जावं लागलं." मी त्याच्या मानेकडे बघत होते. माझ्या पर्समध्ये भाजीचा चाकू नसतो हे त्याचं नशीब.

चौकीतून परत येताना रिक्षात मला तुझ्या दुकानातलं रिटचिंग डेस्क दिसत होतं. तिरकी काच, खाली आरसा, आरशातून वर येणारा उजेड, आणि काचेवर उलटा चेहरा. मला आठवायचं नव्हतं. पन्नास वर्षं मी ते डेस्क डोळ्यांसमोर येऊ दिलं नव्हतं, आणि त्या फोनने एका मिनिटात आणून ठेवलं. म्हणून हे पत्र. कॅमेऱ्याचा सल्ला मागायला लिहितेय असं समजू नकोस.

तुझं दुकान भाईंदरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मिठागरात पाय सडवायचे नाहीत म्हणून आजोबांशी भांडून काढलेलं. लग्नं, बारशी, पासपोर्ट, आणि पोलिसांचे फोटो. हायवेवर ट्रकने कुणी चिरडलं, खाडीत कुणी सापडलं, की हवालदार सायकलवरून तुला बोलवायला यायचा, कारण सगळ्या पंचक्रोशीत कॅमेरा तुझाच. मी पंधरा वर्षांची झाल्यावर तू मला बरोबर न्यायला लागलास. आई ओरडायची, पोरीला मढी दाखवतो म्हणून. मी फ्लॅशची जड बॅटरी खांद्यावर घ्यायची, आणि जखमेशेजारी लाकडी फूटपट्टी धरायची, म्हणजे कोर्टात जखमेची लांबी कळते. मी मागे सरले की तू वर न बघता म्हणायचास, "जवल जा. लांबशी मेलेला मानूस पन झोपलेला दिसतो." एकदा काशीमीऱ्याला दोन ट्रकच्या मधे सापडलेल्या क्लीनरच्या डोक्यापाशी मी पट्टी धरून बसले होते, शाळेच्या गणवेशात. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेत सिस्टरने माझा पांढरा मोजा बघितला आणि विचारलं, हे काय. मी म्हटलं, लाल शाई. खोटं बोलल्याबद्दल तिने मला तासभर गुडघ्यांवर उभं केलं. खरं सांगितलं असतं तर काय केलं असतं, कुणास ठाऊक.

पण मेलेली माणसं माझ्या डेस्कवर येत नव्हती. ती पाकिटं तू लाल सुतळीने बांधून तुझ्या खणात ठेवायचास, त्यांना पेन्सिल लावायची नाही हा नियम. माझ्या डेस्कवर जिवंत माणसं यायची. नववीपासून मी रिटचिंग करत होते, आणि चांगली करत होते, उगाच विनय कशाला. निगेटिव्हवर औषधाचा पातळ हात फिरवायचा, टोक सुईसारखं केलेली पेन्सिल घ्यायची, आणि जिथे काच जास्त उजळ दिसते तिथे बारीक बारीक ठिपके भरत जायचं. कारण निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. फोटोत जो काळा डाग येणार, तो तिथे उजेडासारखा दिसतो. देवीचे वण, मुरुम, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं उजेड. तो बुजवला की माणूस देखणा. नवऱ्या मुली तुझ्याकडेच यायच्या, ते तुझ्या कॅमेऱ्यासाठी नाही, माझ्या पेन्सिलसाठी.

मी सतरा वर्षांची होते. मुर्धा गावची एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी. मी तेव्हा शाळेत होते, मी त्यांना बघितलं नाही. नंतर आईकडून कळलं. नवऱ्याने वल्ह्याच्या दांड्याने मारलं होतं. मंगळवारी मारलं, आणि गावकी बसणार होती रविवारी. गावच्या पंचांसमोर काडीमोड मागायचा होता, आणि रविवारपर्यंत चेहऱ्यावरची सूज उतरेल, मग कोण विश्वास ठेवणार, म्हणून त्या अडाणी म्हातारीने डोकं चालवलं आणि फोटो काढून ठेवला. पोलिसात गेलीच नव्हती. म्हणून लाल सुतळी नाही. तू फोटो काढलास, फिल्म धुतलीस, निगेटिव्ह इतरांबरोबर वाळत टाकलीस, आणि हवालदार आला म्हणून हायवेला निघून गेलास. मला एक शब्द न सांगता. मी घरी येऊन ढिगातली पहिली निगेटिव्ह घेतली, दुसरी घेतली, आणि मग ती.

अर्ध्या चेहऱ्यावर उजेड. इतका उजेड मी कुठल्याच चेहऱ्यावर पाहिला नव्हता. गाल, कानाजवळ, जबडा, ओठावर एक चीर. मला वाटलं जन्मखूण असेल, बिचारीचं लग्न ठरत नसेल. ओठ जन्मखुणेने फाटत नाही, हा विचार मी केला नाही. मला ते काम दिसत होतं, बाई दिसत नव्हती. दोन दिवस शाळा सुटल्यावर मी त्यावर बसले. माझ्या हातून तेवढं सुंदर रिटचिंग आधी झालं नव्हतं, नंतर होणार नव्हतं. प्रिंटही मीच काढली आणि पाकिटात घालून चिकटवली. शनिवारी म्हातारी पाकीट घेऊन गेली. तिने ते उघडलं नाही. पंचांसमोरच उघडायचं असं तिने ठरवलं होतं.

रविवारी दुपारी तुझा मुर्ध्याचा मावसभाऊ दुकानात आला आणि हसत हसत सांगायला लागला. पाकीट फोडलं, फोटो हातोहात फिरला, पंचांतला एक म्हणाला, ही तर पालखीत बसवायसारखी नवरी हाय, मारली कुठं? सगळी बैठक हसली. नवऱ्याला म्हणे बोलायची गरजच पडली नाही. म्हातारी फोटो हातात घेऊन उलटसुलट बघत होती. मुलीला त्याच दुपारी नवऱ्याबरोबर पाठवलं.

तू मावसभावाला बसवून आत आलास. बाहेर पासपोर्टसाठी एक जोडपं बसलं होतं, पडदा उघडा होता. तू फूटपट्टी घेतलीस, तीच, आणि मला मारलंस. पाठीवर, दंडावर, मग बोटांवर. पेन्सिल धरायच्या बोटांवर मोजून मारलंस. मी विचारत होते काय झालं आणि तू सांगत नव्हतास. पट्टी मोडल्यावर हाताने मारलंस. बाहेरचं जोडपं उठून गेलं. माझ्या कानातून दोन दिवस पाणी आलं. आजही त्या कानाने फोन घेता येत नाही. पण बाबा, मी त्यासाठी भांडत नाहीये. त्या काळात सगळ्यांच्या बापांनी मारलंय, आणि ज्या चुकीला तू मारलंस ती चूक लहान नव्हती.

मी भांडतेय ते पुढच्यासाठी. मारून दमल्यावर तू टर्पेंटाइनची बाटली घेतलीस, कापूस बुडवलास आणि ती निगेटिव्ह पुसलीस. माझं दोन दिवसांचं काम दोन मिनिटांत कापसावर आलं. राखाडी डाग, बस. मग तू डार्करूममध्ये गेलास, मला बोलावलंस, आणि माझ्यासमोर नवी प्रिंट काढलीस. ट्रेमध्ये तो चेहरा वर आला. मी तिथे पहिल्यांदा तिला पाहिलं. कागद दोरीवर लटकवलास, एका लग्नाच्या जोडप्याशेजारी. चार वाजले होते. गावकी उठली असेल, पण पंच गावातच होते, मुर्धा जागच्या जागीच होतं. मी म्हटलं, आता हा फोटो नेऊन दाखव ना. तू खुर्चीत बसलास. म्हणालास, "आता परत जायाचा म्हंजे सांगावा लागंल का माझ्या दुकानात खोटा फोटो काढतान. मंग उद्यापासून कोन येल?" आणि ती प्रिंट तुझ्या खणात गेली, लाल सुतळीखाली. मी सतरा वर्षांची होते आणि काही माहीत नसताना चुकले. तू बेचाळीस वर्षांचा होतास आणि सगळं माहीत असताना बसून राहिलास. मार कुणाला बसायला हवा होता, सांग.

चार महिन्यांनी हवालदार आला तेव्हा तू मला बॅटरी उचलायला सांगितलंस. कुठे जातोय ते बोलला नाहीस. मिठागराच्या बांधाखाली, गुडघाभर पाण्यात, तिला पालथं घातलेलं होतं. उलटी केल्यावर मी ओळखलं. चेहरा मला पाठ होता, ठिपका न् ठिपका. गळ्याभोवती दोरीचा वळ, केसांत मीठ. तू नवी फूटपट्टी माझ्या हातात दिलीस. जवळ जा म्हणाला नाहीस. मी आपणहून गेले. पट्टी सरळ धरली. बारा फोटो काढलेस आणि त्या बारांत तुझा हात एकदाही हलला नाही. त्यानंतर तू दुकानात कुणाचाच चेहरा साफ करू दिला नाहीस. नवऱ्या मुली समोरच्या नव्या स्टुडिओत जायला लागल्या, धंदा बसला, तू दारू प्यायला लागलास, आणि लोक म्हणाले, काळ बदलला. मी एक्स-रेचा कोर्स केला. तिथे कुणी पेन्सिल लावत नाही.

तू गेला नाहीस, हे मी पन्नास वर्षं पाठ म्हणतेय. पण मुर्धा तुझ्या दुकानापासून सायकलने वीस मिनिटं. सायकल दाराशी होती. त्या खणाला कुलूप नव्हतं. आणि मला सायकल येत होती.

परवा चौथ्यांदा कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. दुकानदार आता मला ओळखतो, चहा मागवतो. मी त्याचाच फोटो काढला, जवळून. दाढीची चीर, नाकावरचे खड्डे, डोळ्यांखालचं सगळं, जसंच्या तसं. मी खूश झाले. तो झाला नाही. म्हणाला, "आंटी, मेनू में स्किन सॉफ्ट का भी ऑप्शन है, ऑन कर दूँ?" त्याने दाखवलं. तीन पायऱ्या होत्या, कमी, मध्यम, जास्त. एवढ्या महागड्या यंत्रातही पेन्सिल आहे बाबा, फक्त ती बंद करून विकतात. मी कॅमेरा काउंटरवर ठेवला. कारण फोनमधलीही बंद करता येते. चौकीतून आले त्याच संध्याकाळी भाचीने अर्ध्या मिनिटात करून दिली होती. "मावशी, एवढंच होतं." माझ्या फोनने गेला दीड महिना खरे फोटो निघतात. तरी मी सेन्सर वाचतेय, बॅटरी वाचतेय, झूम नसण्याचे फायदे-तोटे मांडतेय, दुकानात चहा पितेय. बंद दाराची बेल वाजवायला फुल फ्रेम लागत नाही.

आज सोमवार. तो नऊला कामावर जातो, आत्ता साडेनऊ झालेत. एक वकीलबाई दुपारपर्यंत वाट बघणार आहेत, त्यांच्याशी सकाळी बोलून ठेवलंय. ती नको म्हणेल. मी चिडणार नाही, बसून राहीन. फोन चार्ज आहे. हे कागद कुठे टाकायचे याचा पत्ता तू ठेवलेला नाहीस, तेव्हा ते माझ्याकडेच राहतील, आणि कुणी वाचणार नाही म्हणूनच एवढं शेवटचं लिहिता येतंय. गुरुवारी रात्री अकराच्या सुमारास समोर सुरू झालं होतं. आधी भांडी, मग ती. मी टेबलाशी बसून दोन कॅमेऱ्यांची तुलना वाचत होते. नीट वाचता यावं म्हणून मी उठले आणि घरघरणारा पंखा पाचवर केला.